शपथ मोडल्यानंतरचा दिवस : व्यसनमुक्ती आणि द्वंद्वात्मक वर्तनोपचार

दारू सोडण्याची महाराष्ट्रात रुळलेली रीत म्हणजे शपथ. ती कोणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतो, कोणी कुलदैवतासमोर घेतो, तर कोणी पंढरपूरला जाऊन गळ्यात तुळशीची माळ घालून घेतो. आणि माळ घातल्यावर पुन्हा कधीही ग्लासाला न शिवलेली माणसे अनेक गावांत आहेत, त्यामुळे या रीतीला भाबडेपणा म्हणून हिणवण्याचे कारण नाही. अडचण एवढीच, की शपथ मोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचे हे शपथेत कुठेच सांगितलेले नसते. माळ उतरवून ठेवली जाते, घरचे बोलेनासे होतात, आणि ‘आता मोडलीच आहे तर’ या एका विचारावर पुढचा महिना-दोन महिने पिणे चालू राहते. डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजेच द्वंद्वात्मक वर्तनोपचार, ही पद्धत शपथ मोडल्यानंतरच्या या तासांचा जितका बारकाईने विचार करते तितका फार थोड्या पद्धती करतात, आणि प्रस्तुत लेखात तिची ओळख मुख्यतः त्याच अंगाने करून दिली आहे.

ही पद्धत सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केली, मात्र ती मुळात व्यसनासाठी नव्हती. वारंवार आत्महत्येचे प्रयत्न करणाऱ्या आणि स्वतःला इजा करून घेणाऱ्या स्त्रियांसाठी, विशेषतः बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्वविकाराचे, म्हणजे भावनांचे टोकाचे चढउतार, नात्यांतील सततची उलथापालथ आणि अविचारी कृती असे स्वरूप असलेल्या विकाराचे निदान झालेल्या स्त्रियांसाठी, ती आकाराला आली. तिची पहिली नियंत्रित चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि सविस्तर ग्रंथ १९९३ साली. तरुण वयात आपण स्वतः अशाच अवस्थेत मनोरुग्णालयात दाखल होतो, हे लिनेहान यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले, तेव्हा या पद्धतीतील रुग्णाविषयीच्या आस्थेचा उगम अनेकांच्या लक्षात आला. ‘हे बदला, ते बदला’ एवढेच सांगणाऱ्या उपचाराने रुग्णाला आपल्यावर ठपका ठेवला जातो आहे असे वाटते आणि तो निघून जातो. उलट नुसतेच समजून घेतले, तर त्याचे हाल आहेत तसेच राहतात. म्हणून आहे त्या स्थितीचा स्वीकार आणि ती बदलण्याचा आग्रह या परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन गोष्टी एकाच वेळी धरून ठेवायच्या, हा या पद्धतीचा गाभा ठरला. बदलाची साधने तिने वर्तनोपचारातून घेतली आणि स्वीकाराची साधने मुख्यतः झेन साधनेतून, जिचा लिनेहान यांनी स्वतः अभ्यास केला होता.

प्रत्येक पिणाऱ्या माणसाला या उपचाराची गरज असते असे नाही. ज्याच्या बाबतीत नशा ही मुख्यतः भावना बधिर करण्याची सोय झालेली आहे, म्हणजे राग, लाज, एकटेपणा किंवा भीती अंगावर आली की जो ग्लासाकडे, गोळीकडे किंवा गर्दच्या पुडीकडे वळतो, आणि नशा उतरली की पहिल्याहून अधिक लाजेने पुन्हा तिकडेच जातो, त्याला ही पद्धत विशेष उपयोगी पडण्याचा संभव असतो. केवळ संगतीने आणि सवयीने पिणाऱ्याला डॉक्टरांचा सल्ला, औषधे आणि स्वमदत गट एवढ्यानेही पुष्कळदा भागते, आणि अशा व्यक्तीला वर्षभर चालणाऱ्या उपचारात गुंतवणे म्हणजे तिचा वेळ आणि पैसा वाया घालवणे होय.

कोणतीही मानसोपचारपद्धती सुरू करण्यापूर्वी शरीराचा प्रश्न सोडवावा लागतो. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम बंद केली तर काही तासांतच हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, भास आणि तीव्र अस्वस्थता असलेली जीवघेणी अवस्था उद्भवू शकते. झोपेच्या आणि चिंतेवरच्या काही गोळ्या अचानक थांबवल्यासही असाच धोका असतो. शपथ घेऊन घरात कोंडून घेतलेला माणूस या टप्प्यावर दगावू शकतो, म्हणून अशी दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावी. गर्दच्या व्यसनात ज्याला ‘टर्की’ म्हणतात ती अवस्था अतिशय यातनामय असली तरी निरोगी प्रौढात सहसा प्राणघातक नसते. तिथे धोका नंतर येतो, कारण काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते आणि जुन्याच मात्रेने श्वास थांबू शकतो. गर्द सोडवण्यासाठी दिली जाणारी ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनसारखी औषधे घेणारा माणूस ‘अजून नशेतच आहे’ असा समज व्यसनमुक्त मंडळींतही आढळतो, पण या पद्धतीत ती औषधे उपचाराचा भाग मानली जातात, व्यसनाचा नव्हे.

द्वंद्वात्मक वर्जन

व्यसनासाठी ही पद्धत बेतताना लिनेहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर दोन विचारधारा होत्या. एका बाजूला पूर्ण वर्ज्य करण्याचा आग्रह होता, ज्याने पहिली घसरण लांबते पण घसरण झाल्यावर माणूस कोसळतो. दुसऱ्या बाजूला त्याच विद्यापीठातील अ‍ॅलन मार्लट यांचे पुनर्घसरण टाळण्याविषयीचे काम होते. ‘एकदा घेतली म्हणजे सगळे संपले’ या समजुतीतून एका पेगचे रूपांतर पूर्ण व्यसनात कसे होते, हे मार्लट यांनी दाखवून दिले होते आणि त्याला वर्जनभंगाचा परिणाम असे नाव दिले होते. लिनेहान यांनी या दोहोंपैकी एक निवडण्याऐवजी दोन्ही ठेवल्या. जोवर घसरण झालेली नाही तोवर तडजोड नाही, एक घोटही नाही, एकही झुरका नाही. आणि घसरण झाली की त्याच क्षणापासून ती पाप नसून सोडवायचा प्रश्न आहे असे मानून, नुकसान कमीत कमी ठेवून, पुन्हा पूर्ण वर्जनाकडे वळायचे. यालाच द्वंद्वात्मक वर्जन म्हणतात. घसरणीची तयारी आधी करून ठेवणे म्हणजे घसरणीला परवानगी देणे, असा आक्षेप यावर नेहमी घेतला जातो. प्रत्यक्षात ही तयारी घसरण होण्यापूर्वी मनातून बाजूला ठेवायची असते आणि घसरण झाल्यावरच बाहेर काढायची असते. हे बोलण्याइतके सोपे नाही, हे मान्य केले पाहिजे, आणि म्हणूनच त्याचा सराव उपचारकासोबत करावा लागतो.

निर्धार करण्याची रीतही इथे वेगळी आहे. आयुष्यभराची शपथ घेण्याऐवजी ज्या मुदतीची शंभर टक्के खात्री देता येईल तेवढ्याच मुदतीचा निर्धार करायचा, मग ती मुदत एक महिन्याची असो, एका दिवसाची असो किंवा तलफ जोरात असेल तेव्हा अवघ्या पाच मिनिटांची असो, आणि ती संपण्याच्या क्षणी तोच निर्धार पुन्हा करायचा. मराठी माणसाला मुदतीचे वर्जन परके नाही, कारण एरवी नियमित पिणारे कितीतरी जण श्रावण कडकडीत पाळतात. फक्त श्रावणाचा शेवट कोणत्या दिवशी होतो हे त्यांना आधीच ठाऊक असते, आणि आरंभापूर्वीच्या गटारीला पुढील महिन्याची भरपाई आगाऊ करून घेतलेली असते. या पद्धतीत मुदतीच्या शेवटी सुटका ठेवलेली नसते. मुदत छोटी असते ती केवळ निर्धार खरा राहावा म्हणून.

वर्जन काही आठवडे टिकल्यावर वेगळा धोका सुरू होतो. लिनेहान यांनी मनाच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत, ज्यांना मराठीत व्यसनी मन, निर्धास्त मन आणि जागे मन म्हणता येईल. व्यसनी मनात नशेखेरीज काही सुचत नाही. निर्धास्त मन नशेपासून दूर असते खरे, पण आता आपल्याला काही होत नाही अशा भ्रमात ते जुन्या अड्ड्यावर ‘फक्त गप्पा मारायला’ जाते, औषध बंद करते, गटाला दांडी मारते. जागे मन वर्ज्य करते आणि तलफ पुन्हा येणार हेही धरून चालते. व्यसनमुक्ती केंद्रातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाला घरच्यांनी ‘आता पूर्ण बरा झाला’ म्हणून मिरवणे, ही या निर्धास्तपणाला दिलेली साथच असते.

साखळी उलगडणे

घसरण झाल्यानंतरचे मुख्य काम म्हणजे साखळी-विश्लेषण, अर्थात घटनेच्या आधीची आणि नंतरची प्रत्येक कडी क्रमाने मांडणे. इथे ‘का प्यायलास’ असा प्रश्न नसतो, कारण त्याचे उत्तर सबब किंवा रडणे यांपैकी एक असते. ‘त्याआधी काय झाले, आणि त्याच्याही आधी’ असा तो असतो. तीन महिने न प्यायलेला एखादा नोकरदार शनिवारी प्यायला असे समजू. शुक्रवारी रात्री त्याला नीट झोप लागलेली नाही, शनिवारी दुपारी डबा तसाच राहिला आहे. साहेबांनी सर्वांसमोर सुनावले आहे, घरी फोन केल्यावर कर्जाच्या हप्त्यावरून वाद झाला आहे. ‘आपली कुणालाच किंमत नाही’ असा विचार मनात येऊन छाती जड झाली आहे. मग तो एटीएममधून पाचशेऐवजी दोन हजार काढतो, कारण भाजीबरोबर ‘आणखी काहीतरी घ्यायचे असेल तर’. मग नेहमीचा रस्ता सोडून परमिट रूमवरून जाणारा रस्ता धरतो, कारण तिकडे ‘ट्रॅफिक कमी असते’. दारात जुना मित्र भेटतो, एक बिअर होते, आणि छातीवरचा भार काही मिनिटांत उतरतो. रविवारी सकाळी पत्नीची नजर चुकवता चुकवता तो पुन्हा बाहेर पडतो.

या साखळीत मित्र भेटणे ही कडी सर्वांत ठळक दिसते आणि घरचेही सारा राग त्या मित्रावर काढतात, पण तिथवर पोचेपर्यंत खेळ जवळजवळ संपलेला असतो. काम करण्याजोग्या कड्या त्याच्या आधीच्या असतात. उपाशीपोट आणि अपुरी झोप यांनी माणूस त्या दिवशी हळवा झालेला होता; अपमानानंतर उठलेला विचार तपासून पाहता आला असता; पैसे काढणे आणि रस्ता बदलणे हे वरवर निरुपद्रवी दिसणारे निर्णय खरे तर व्यसनी मनाने घेतलेले होते. प्यायल्यानंतरची कडीही महत्त्वाची आहे: दारूने भार खरोखरच उतरला, आणि हे प्रामाणिकपणे कबूल केल्याशिवाय भार उतरवण्याची दुसरी सोय शोधण्याची निकड वाटत नाही. दारूपासून काहीही मिळत नाही असे सांगणारी भाषणे पिणाऱ्याला पटत नाहीत, ती याच कारणाने. अशी साखळी कागदावर मांडून प्रत्येक कडीसमोर ‘इथे दुसरे काय करता आले असते’ हे लिहावे, त्यांतील दोन-तीन उपायच निवडावेत, आणि घसरणीमुळे ज्यांचे नुकसान झाले त्यांची भरपाई कशी करायची हेही ठरवावे. रविवारी सकाळची लाज हाताळण्यासाठी या पद्धतीत उलट कृती सांगितली जाते, म्हणजे भावना ज्या दिशेला ढकलते त्याच्या विरुद्ध वागणे. लाज लपायला सांगते, म्हणून त्याच दिवशी उपचारकाला फोन करून, गटात जाऊन किंवा घरातील एका विश्वासू माणसाला सांगून ती घटना उघड करायची.

साखळी आठवणीवर विसंबून मांडता येत नाही, यासाठी रोज एक पत्रक भरावे लागते, ज्याला डायरी कार्ड म्हणतात. त्यात तलफ किती तीव्र होती याचा शून्य ते पाच असा आकडा, काय व किती घेतले, दुःख, राग, लाज यांची तीव्रता, आत्महत्येचे विचार आले का, आणि कोणते कौशल्य वापरले, एवढे रात्री झोपण्यापूर्वी भरायचे असते. साध्या शाळकरी वहीतही ते जमते. उपचारक दर आठवड्याच्या भेटीचा आरंभ याच पत्रकाने करतो आणि विषयांचा क्रम ठरलेला असतो: प्रथम जिवाला धोका, मग उपचारात अडथळा आणणारे वर्तन, जसे न सांगता गैरहजर राहणे किंवा नशेत येणे, आणि त्यानंतर जगणे बिघडवणाऱ्या गोष्टी, ज्यांत नशेला पहिले स्थान असते. लघवीची तपासणीही अनेक ठिकाणी केली जाते, परंतु ती पकडण्यासाठी नसून खरे बोलणे सोपे व्हावे म्हणून आहे, हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगणे आवश्यक असते.

तलफेची वीस मिनिटे

आठवड्याला साधारण दोन-अडीच तास भरणाऱ्या कौशल्यवर्गात चार विषय शिकवले जातात: सजगता, म्हणजे चालू क्षणाकडे निवाडा न करता लक्ष देणे, ताण सहन करणे, भावनांचे नियमन, आणि नातेसंबंध सांभाळून आपले म्हणणे मांडणे. एक फेरी सुमारे २४ आठवड्यांची असते आणि बहुधा ती दोनदा केली जाते. सर्वांचा तपशील इथे देणे शक्य नाही. व्यसनाच्या संदर्भात ज्या कौशल्यांचा उपयोग पहिल्या दिवसापासून होतो तेवढीच पुढे दिली आहेत.

तलफ ही सतत चढत जाणारी गोष्ट आहे आणि तिला शरण गेल्याशिवाय ती थांबणार नाही, असे व्यसनी माणसाला वाटत असते. प्रत्यक्षात ती चढते, टोकाला पोचते आणि खतपाणी न मिळाल्यास बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरू लागते. मार्लट यांनी सांगितलेल्या युक्तीत तलफेशी झुंजायचे नाही आणि तिच्या अधीनही व्हायचे नाही, लाटेवर तरंगावे तसे तिच्यासोबत राहायचे: ती शरीरात कुठे जाणवते, घशात की पोटात, वाढते आहे की कमी होते आहे, याकडे लक्ष ठेवायचे. या युक्तीचे महाराष्ट्राशी एक नातेही आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीहून सत्यनारायण गोएंका यांनी जगभर नेलेल्या विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे सिअ‍ॅटलच्या एका तुरुंगात भरवण्यात आली, आणि तिथून सुटलेल्या कैद्यांच्या नशेत घट झाल्याचे मार्लट यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले. यावरून व्यसनी माणसाला परस्पर विपश्यनेला पाठवावे असा निष्कर्ष मात्र काढू नये, कारण नशा तुटतानाची शारीरिक लक्षणे चालू असताना मौनात बसणे त्रासदायक आणि प्रसंगी धोक्याचे ठरते.

तलफ इतकी तीव्र असेल की निरीक्षणही शक्य नाही, तर आधी शरीराला शांत करावे लागते. श्वास रोखून चेहरा थंड पाण्याच्या भांड्यात सुमारे अर्धा मिनिट धरल्यास, किंवा ओला थंड रुमाल डोळ्यांवर आणि गालांवर दाबल्यास, पाण्यात बुडी मारताना होते तशी हृदयाची गती आपोआप मंदावते आणि भावनेचा जोर कमी होतो. हृदयविकार असलेल्यांनी, नाडी मंद असलेल्यांनी किंवा ती मंद करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उपाय करू नये. जिना चढणे, दोरीच्या उड्या, वेगाने चालणे यांनी चढलेला आवेग खर्ची पडतो. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला अधिक वेळ घेऊन मिनिटाला पाच-सहा श्वासांवर येणे हे बसमध्येही जमते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. या उपायांनी मूळ प्रश्न सुटत नाही, फक्त तो आणखी बिघडत नाही, आणि तेवढीच त्यांच्याकडून अपेक्षा आहे.

प्यायल्याने आणि न प्यायल्याने होणारे फायदे-तोटे चार रकान्यांत लिहून काढण्याचा सराव या पद्धतीत आवर्जून केला जातो. तो तलफ नसताना करायचा असतो आणि कागद पाकिटात ठेवायचा असतो, कारण तलफेच्या वेळी मन फक्त एकच रकाना वाचते.

परतीच्या वाटा

तलफ हाताळण्यापेक्षा तिला निमंत्रण न देणे अधिक स्वस्त पडते. म्हणून नशेकडे परत नेणाऱ्या वाटा स्वतःहून तोडून टाकणे हे व्यसनासाठी खास जोडलेले कौशल्य आहे. पुडी देणाऱ्याचे, अड्ड्यावरच्या मंडळींचे आणि घरपोच बाटली आणणाऱ्या दुकानाचे नंबर काढून टाकणे, गरज पडल्यास स्वतःचा नंबर बदलणे, पगाराचे खाते काही काळ जोडीदाराच्या संमतीने आणि सहभागाने चालवणे, माळ्यावरची ‘पाहुण्यांसाठी’ ठेवलेली बाटली ओतून देणे, दारूचा परवाना असल्यास तो फाडणे (महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो हे पिणाऱ्यांपैकीही फारच थोड्यांच्या लक्षात असते), ही त्याची उदाहरणे होत. यातील सर्वांत अवघड काम म्हणजे लोकांना सांगणे. हळदीच्या रात्री किंवा कंपनीच्या पार्टीत ‘गोळ्या चालू आहेत’ ही सबब सर्रास वापरली जाते, आणि पहिल्या आठवड्यात तिनेही काम भागते. पण गोळ्या कधीतरी संपतात, आणि मित्र त्या दिवसाची वाट पाहत राहतात. नकार देताना परिस्थिती, आपली भावना, स्पष्ट मागणी आणि तिच्यामुळे समोरच्याचा होणारा फायदा या क्रमाने बोलण्याचे कौशल्य इथे शिकवले जाते. ‘दादा, मी दारू सोडली आहे आणि ती पुन्हा सुरू होण्याची मला भीती वाटते. माझा ग्लास भरू नका, मला सोडा चालेल. मग मी शेवटपर्यंत थांबेन आणि सगळ्यांना घरी सोडायलाही येईन,’ असे बोलणे आरशासमोर किंवा गटात आधी म्हणून पाहावे लागते. आग्रह वाढल्यास तेच वाक्य त्याच शांतपणे पुन्हा म्हणावे आणि नवे कारण देऊ नये, कारण प्रत्येक नव्या कारणावर नवा वाद सुरू होतो.

वाटा तोडल्यावर उरलेली संध्याकाळ रिकामी राहिली तर ती फार काळ रिकामी राहत नाही. पूर्वी ज्या वेळी बैठक बसायची त्या वेळेला निश्चित काम, माणसे आणि थोडा आनंद असावा लागतो, मग ते भजनी मंडळ असो, व्यायामशाळा असो किंवा मुलांचा अभ्यास. ‘मन रमवा’ एवढा सल्ला पुरत नाही; वेळ, जागा आणि सोबती ठरलेले असावे लागतात.

घरातील माणसे

भावनांना मुळातच हळवा असलेला स्वभाव आणि त्या भावना सतत मोडीत काढणारे वातावरण यांच्या परस्परक्रियेतून भावनिक अस्थिरता वाढते, असे या पद्धतीचे मूळ गृहीतक आहे. ‘एवढ्याने काय रडतोस’, ‘तुला काय कमी आहे’ ही वाक्ये बहुतेक घरांत प्रेमापोटीच बोलली जातात, तरी त्यांतून माणूस एवढेच शिकतो की आपल्याला वाटते ते चूक आहे. भावनेची दखल घेणे म्हणजे वर्तनाला मान्यता देणे नव्हे. ‘आज ऑफिसात जे झाले त्याने कुणालाही राग आला असता, आता ठरल्याप्रमाणे आधी फिरून येशील का?’ या बोलण्यात राग मान्य आहे आणि दारू अमान्य आहे. तोंडाचा वास घेणे, खिसे तपासणे, पाहुण्यांसमोर टोमणे मारणे यांनी लाज वाढते आणि लपवाछपवी अधिक सफाईदार होते. त्याच वेळी साहेबांना ‘त्यांना ताप आहे’ असे खोटे कळवणे, उधारी फेडणे, रस्त्यावरून उचलून आणून दुसऱ्या दिवशी काहीच घडले नाही असे दाखवणे, यांनी व्यसनाचे स्वाभाविक परिणाम पुसले जातात आणि बदलण्याचे कारणच उरत नाही. घरात मारहाण होत असेल तर दखल, संयम वगैरे गोष्टी बाजूला ठेवून आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता पाहावी. महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा यांचा आधार घेण्यात कोणताही विश्वासघात नाही.

‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींतील पावडरी जेवणात कालवण्याचा मार्ग मात्र कोणत्याही परिस्थितीत धरू नये. अशा पावडरींत असू शकणारे डायसल्फिरॅम हे औषध रुग्णाच्या माहितीने आणि संमतीने उपयोगी ठरू शकते, पण ते पोटात असताना माणूस अजाणता प्यायला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते, आणि फसवणूक उघड झाल्यावर घरच्यांवरचा उरलासुरला विश्वासही जातो. जबरदस्तीने उचलून नेणारी, साखळीने बांधणारी केंद्रेही टाळावीत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्थांचा समावेश आहे आणि त्या कायद्याने रुग्णाला साखळदंड घालण्यास मनाई केली आहे.

पुरावा आणि उपलब्धता

व्यसनावरील उपयोगाचा पुरावा आशादायक असला तरी मर्यादित आहे, आणि तो तसाच सांगणे रुग्णाच्या हिताचे आहे. लिनेहान यांच्या गटाने १९९९ साली अमली पदार्थांचे व्यसन आणि बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्वविकार दोन्ही असलेल्या २८ स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध केली, तिच्यात नेहमीच्या उपचारांपेक्षा या पद्धतीने नशा अधिक घटली. २००२ सालच्या हेरॉइनविषयक चाचणीत २३ स्त्रिया होत्या आणि तुलना भावनांची दखल घेणाऱ्या व बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाची जोड असलेल्या उपचाराशी होती. नशा दोन्ही गटांत घटली आणि शेवटच्या चार महिन्यांत द्वंद्वात्मक उपचाराच्या गटाने ती घट अधिक टिकवली, मात्र उपचार अर्धवट न सोडण्याच्या बाबतीत दुसरा गटच पुढे होता, कारण त्यातील एकही स्त्री बाहेर पडली नाही. म्हणजे त्याच बारा पायऱ्यांवर चालणाऱ्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना जाणाऱ्याने त्या सोडण्याचे काहीच कारण नाही. बदलता येणारे बदलावे आणि न बदलणारे स्वीकारावे ही त्यांच्या प्रार्थनेतील भूमिका या उपचाराच्या गाभ्याशी जुळणारीच आहे. उपचार मध्येच सोडणाऱ्यांसाठी लिनेहान यांच्या गटाने खास उपाय जोडले: सुरुवातीच्या काळात वरचेवर फोन, आवश्यक तेव्हा लहान किंवा मोठ्या भेटी, आणि रुग्ण नाहीसा झाल्यास तो कुठे सापडेल याची त्याच्याच संमतीने आधी करून ठेवलेली यादी. सलग चार आठवडे गैरहजर राहिल्यास उपचार थांबतो, हा कडक नियमही त्याच्या जोडीला आहेच.

पूर्ण स्वरूपातील या उपचाराला चार अंगे लागतात: साप्ताहिक वैयक्तिक भेट, कौशल्यवर्ग, अडचणीच्या क्षणी फोनवर मार्गदर्शन, आणि उपचारकांची आपसांतील नियमित बैठक. भारतात असे प्रशिक्षित गट मोजके आणि बहुतांश मोठ्या शहरांतच आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या साधारण ३८ जणांपैकी एकालाच कोणताही उपचार मिळालेला होता, त्यामुळे जवळ हाच उपचार नाही म्हणून थांबून राहणे शहाणपणाचे नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात शारीरिक उपचार घेऊन, ही कौशल्ये एखाद्या चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाकडून स्वतंत्रपणे शिकता येतात. हा उपचार देतो असे सांगणाऱ्याला, प्रशिक्षण कुठे झाले, डायरी कार्ड आणि साखळी-विश्लेषण वापरता का, कौशल्यवर्ग आहे का, भेटींच्या मधल्या काळात फोन करता येतो का आणि घसरण झाल्यास काय करता, एवढे नि:संकोच विचारावे. शेवटच्या प्रश्नावर ‘काढून टाकतो’ असे उत्तर आल्यास दुसरीकडे जावे. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसची १४४१६ ही निःशुल्क सेवा उपलब्ध आहे, आणि आत्महत्येचे विचार येत असतील तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता लगेच १४४१६ या क्रमांकावर फोन करावा किंवा थेट रुग्णालय गाठावे. पहिल्या भेटीची तारीख मिळेपर्यंत बहुधा एक-दोन आठवडे जातात. त्या दिवसांत वर सांगितलेले पत्रक रोज भरावे, चालू असलेल्या सर्व औषधांची यादी करावी, शेवटची घसरण केव्हा आणि कशी झाली ते अर्ध्या पानात लिहावे, आणि हे तिन्ही कागद सोबत न्यावेत.